नकाशा हवा, शिवारफेरीही हवी

संपादक महोदय,

उपग्रहाची चित्रे असताना शिवारफेरीचा खटाटोप कशाला, असे विचारणारे पत्र आपल्या अंकात वाचले. नकाशांच्या उपयोगाबद्दल वाद नाही. नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र १९८८ पासून असे नकाशे करण्याचेच काम करते. पण सेंटिनेल-२ उपग्रहाच्या सर्वांत बारीक चित्रातही एक ठिपका म्हणजे दहा मीटर लांब-रुंद जमीन. आमच्याकडचा तीन-चार मीटरचा नाला त्यात धुऱ्यावरच्या बाभळींबरोबर मिसळून जातो.

भूजल तर वरून दिसतच नाही. आपल्या काळ्या खडकात पाणी भेगांत आणि मुरमात साठते; म्हणून एका विहिरीला पाणी, तर शेजारची कोरडी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही निरीक्षण विहिरींची पातळी प्रत्यक्ष मोजतेच.

पत्रलेखकाने मालखेडकडचे माळ नकाशा पाहून ‘पडीक’ ठरवले, हे सर्वांत खटकले. मे महिन्याच्या चित्रात वाळलेले गवत आणि उघडी जमीन यांत सहज गल्लत होते. तेच रान ऑक्टोबरच्या चित्रात पाहावे. चंडोल, तित्तिर या गवतात जमिनीवरच घरटी करतात. तिथे सरसकट वृक्षारोपण केले, तर त्यांचा अधिवासच मोडेल.

माझी सूचना साधी आहे. दोन्ही ऋतूंची चित्रे ग्रामसभेत लावावीत, ती हाती घेऊन शेतकरी, गुराखी यांच्यासह शिवारफेरी काढावी आणि चुका नकाशावरच नोंदवून तालुका कृषी कार्यालयाला द्याव्यात. गावातल्या कामांच्या निधीचा आराखडा त्यानंतरच करावा.

– एक वाचक, चांदूर रेल्वे