बाटल्या मुलांच्या, अर्ज आपले

परदेशात नव्याने आलेल्या बाईला एक सल्ला हमखास मिळतो. "बाहेरची कामं एकटीने उरकत जा गं, पोरं बरोबर असली की दुप्पट वेळ लागतो." सल्ल्यात खोटं काही नाही. आम्ही जर्मनीत आलो तेव्हा मुलगी सात वर्षांची होती आणि धाकटा चारचा. हिवाळ्यात दोघांना जाकीट, टोपी, हातमोजे, बूट चढवून दाराशी यावं, की धाकट्याला नेमकी तेव्हाच शू लागायची!

तरीही माझं मत उलटं आहे. मुलांना कामांना न्यावंच. फक्त कुठलं काम त्यांचं आणि कुठलं आपलं, ही रेघ आधी आखून घ्यावी.

इकडे स्थिरावणं म्हणजे आधी कागद. घरात राहायला आलं की दोन आठवड्यांच्या आत कचेरीत जाऊन पत्ता नोंदवायचा, त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र न्यायचं. मग कर-क्रमांक येतो पोस्टाने. बँकेचं कार्ड पोस्टाने, त्याचा पिन वेगळ्या पाकिटात, तोही पोस्टाने. पत्रपेटीवर आडनाव नसेल तर पत्र आल्या पावली परत जाऊ शकतं. आमच्या पेटीवर आडनाव मुलीने लिहून चिकटवलं. "खाली मराठीत पण लिहू?" म्हणाली. म्हटलं, लिही. पोस्टमनला नाही तरी आपल्याला वाचता येईल.

रिकाम्या बाटल्यांचं खातं तर पूर्ण मुलांचं. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या प्लॅस्टिकच्या बाटलीमागे इथे २५ सेंट अनामत द्यावी लागते, ही पद्धत २००३ पासूनची. बाटल्या दुकानातल्या यंत्राच्या तोंडात टाकायच्या, बटण दाबून चिठ्ठी घ्यायची, ती गल्ल्यावर दिली की पैसे परत. चार बाटल्या म्हणजे एक युरो, हे धाकट्याला बेरीज यायच्या आधी कळलं. आपल्याकडे रद्दीवाल्याच्या काट्यावर नजर ठेवून आपण जे शिकलो, तेच हे.

सुपरमार्केटात चीज घ्यायला उभं राहिलं की शेजारच्या मांसाच्या काउंटरवरून मुलांना प्रेमाने सॉसेजचा काप पुढे केला जातो. आम्ही शाकाहारी. "नाइन, डांके" हे धाकटा तिथे शिकला. समोरच्याला न दुखावता हसून नको म्हणणं कुठल्या पुस्तकातून येणार?

गंमत म्हणजे इथल्या कायद्यानेही एक रेघ आखली आहे. सात वर्षांखालच्या मुलाने केलेला व्यवहार कायद्याने ग्राह्य नाही. सात पूर्ण झाली की खिशात दिलेल्या पैशांतून ते स्वतः खरेदी करू शकतं. या कलमाला लोक 'खाऊच्या पैशांचं कलम' अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. पण मोठे करार आईबापांच्या संमतीशिवाय नाहीत. म्हणजे पाव आणायला मुलं, सही करायला मोठे. मला हे फार पटलं.

आता खरा मुद्दा. मुलं भाषा आपल्या आधी उचलतात. मग हळूहळू सवय लागते.. "विचार ना जरा तिला, काय म्हणतेय ती!" बेकरीत ठीक आहे. पण तेच पोर दवाखान्यात, व्हिसाच्या कचेरीत, भाडं वाढल्याच्या पत्रापुढे उभं केलं जातं. आईला काय आजार झालाय हे आठ-नऊ वर्षांच्या मुलीने आधी स्वतः ऐकायचं आणि मग आईला मराठीत सांगायचं? ती घाबरून अर्धं गाळेल. आणि न घाबरता सगळं सांगितलं, तर ते मला जास्त भीतीदायक वाटतं. शिवाय आपल्या आईला काही कळत नाही, ही समजूत एकदा मनात बसली की सहज निघत नाही.

गेल्या वर्षी एका दवाखान्यात काउंटरवरच्या बाई माझ्या मोडक्या जर्मनला कंटाळून थेट मुलीशी बोलायला लागल्या. मी मुलीला म्हटलं, तू तुझं पुस्तक वाच. आणि बाईंना म्हटलं, मला सांगा, पण हळू. तीनदा विचारलं. मागे रांग खोळंबली. खोळंबू दे!

भारतातून फोन आला की आजी कौतुकाने म्हणते, "नातच आता सांभाळते म्हणायची तुम्हाला!" कौतुक कळतं हो. पण सांभाळायचं काम आमचं आहे.

ज्या आईला अजून काहीच बोलता येत नाही तिने काय करावं? प्रश्न कागदावर लिहून न्यावा, ओळखीच्या मोठ्या माणसाला बरोबर घ्यावं, संध्याकाळच्या भाषेच्या वर्गात नाव घालावं. अगदी जिवावर बेतलं तर गोष्ट वेगळी, ११२ हा नंबर मुलांनाही पाठ हवाच. पण अडीनडीला धावणं वेगळं आणि रोजची नोकरी वेगळी.

आईबाप चुकत-माकत, अडखळत बोलताहेत आणि तरी काम करून घेताहेत, हे मुलांनी शेजारी उभं राहून बघावं. परक्या देशात आपण त्यांना दुसरं काय मोठं शिकवणार आहोत?

तुमच्या घरी ही रेघ कुठे आहे? सांगा जरूर.