आधी थर्मोस्टॅट परत बसवा

३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगदा सुरू झाला आणि रोहतांगपलीकडचा लाहौल हिवाळ्यातही मनालीच्या टप्प्यात आला. आता डिसेंबर-जानेवारीत पुण्या-नाशिकच्या पासिंगच्या जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह डिझेल गाड्याही बर्फाकडे निघतात. निघण्याआधी मालक गॅरेजात येतो आणि म्हणतो, "हीटर बघा जरा, गरमच होत नाही." मग डॅशबोर्ड खोलायची तयारी सुरू होते. आमचं आग्रहाचं सांगणं आहे की डॅशबोर्डाला हात लावण्याआधी बॉनेट उघडा आणि थर्मोस्टॅट जागेवर आहे का, ते बघा.

पुष्कळ गाड्यांत तो नसतोच. कधीतरी मे महिन्यात गाडी तापली, मिस्त्रींनी थर्मोस्टॅट काढला, नुसती गॅस्केट लावून झाकण आवळलं आणि 'आपल्याकडच्या उन्हात तो लागतोच कशाला' म्हणून विषय संपवला. ही सवय आपल्या धंद्यात मुरली आहे आणि ती सोडायलाच हवी. थर्मोस्टॅटमधलं मेण ८२ अंशांच्या आसपास वितळून फुगतं आणि रेडिएटरची वाट उघडतं. तोवर पाणी इंजिन आणि हीटरच्या कॉइलमध्येच फिरत राहतं. थर्मोस्टॅट नसेल तर थंडगार वारा खाणाऱ्या रेडिएटरमधून पाणी पहिल्या मिनिटापासून फिरतं, काटा खालीच राहतो आणि हीटर कोमट फुंकर घालत बसतो.

त्यात हे डिझेल. या इंजिनात हवेला अडवणारा थ्रॉटल नसतो. गरजेपेक्षा कितीतरी जास्त हवा आत जाते आणि आयडलिंगला इंधन अगदी थोडं जळतं. बोलेरोच्या २५२३ सीसी डीआय इंजिनात तर इंधन थेट पिस्टनच्या डोक्यावर फवारलं जातं. वेगळ्या कोठीत जळण पेटवणाऱ्या जुन्या इंजिनांपेक्षा त्याची कमी उष्णता पाण्यात उतरते. मायलेजसाठी हे उत्तमच, पण केबिनच्या वाट्याला मुळातच थोडी ऊब येते आणि तीही आपण रेडिएटरवाटे उधळतो. शिवाय थंड इंजिनात डिझेल ऑइलमध्ये उतरतं, लायनर झिजतात. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाटही बंद करतो. तिथे तो काढला की थोडं पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच परततं आणि चढावर गाडी उलट जास्तच तापते. म्हणजे ज्या दुखण्यासाठी काढला, तेच वाढतं.

थर्मोस्टॅट बसवून काटा वर आल्यावरच पुढची तपासणी. केबिनकडे जाणारे दोन्ही होज हाताने चाचपा. दोन्ही गरम असतील तर कॉइल ठीक आहे, दोष आतल्या झडपेत किंवा तिच्या केबलमध्ये आहे. एक गरम आणि एक थंड असेल तर हीटरचा कॉक अडकलाय किंवा कॉइल चोंदलीय. आपल्याकडे कॉक वर्षानुवर्षं कुणी हलवत नाही, तो गंजून बसतो. गळकी कॉइल वगळून दोन्ही होज परस्पर जोडून टाकलेलेही सापडतील. चोंदलेली कॉइल उलट्या दिशेने, हलक्या दाबाने धुवा. कॉम्प्रेसरची हवा जोरात सोडलीत तर जुने सांधे फुटतील. भरताना गाडीचं नाक चढावर ठेवा, कॉक पूर्ण उघडा आणि बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालू द्या, नाहीतर एअर लॉक राहील.

आणि भरायचं ते कूलंटच. नळाचं पाणी गंज आणि क्षार साठवतं, आणि गोठताना सुमारे ९ टक्के फुगून ब्लॉक चिरू शकतं. इथिलीन ग्लायकॉल आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मंनिम्मं घेतलं तर मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपासपर्यंत टिकतं. रेडिएटरची कॅपही सोडू नका. लेहच्या साडेतीन हजार मीटर उंचीवर उघडं पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. दाब धरणारी कॅप नसेल तर थर्मोस्टॅटला काम करायला जागाच उरत नाही.

पहाडातले चालक रेडिएटरपुढे पुठ्ठा किंवा ताडपत्री लावतात. तो उपाय खरा आहे, फक्त अर्धाच भाग झाका आणि मालकाला काट्यावर नजर ठेवायला बजावा. दरवाजांची रबरं आणि गिअर लिव्हरचं बूट फाटलेलं असेल तर तेही बदला. तिथून येणारा वारा कमावलेली ऊब खाऊन टाकतो.

शेवटची गोष्ट जिवाची आहे. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी इथे बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक माणसं दगावली, आणि त्यांतल्या अनेकांच्या बाबतीत कार्बन मोनॉक्साइडचा संशय होता. बर्फाने सायलेन्सर बुजलेला असताना इंजिन चालू ठेवून झोपू नये, हे मालकाला तोंडाने सांगा. हीटरची ताजी हवा बॉनेटच्या मागच्या कडेपाशी ओढली जाते, म्हणून मॅनिफोल्डची गॅस्केट फुंकत असेल तर ती आधी बदला. तोवर हीटरचं काम हाती घेऊ नका.