फोटो हाच आता नमुना : कॅमेरा लॅपटॉपला जोडूनच फोटो घ्यावेत

व्यापारी व कारागीर बांधवांनो,

कापडाच्या धंद्यात पूर्वी गिऱ्हाईक तागा उलगडून दुकानाच्या दारात नेत असे. उजेडात रंग पाही, दोन बोटांत धरून पोत तपाशी आणि मगच भाव विचारी. आज मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीचा माल मोबाइलवरच्या फोटोवरून दूरदूरच्या गावी विकला जातो. म्हणजे फोटो हाच आता नमुना झाला आहे. नमुना आणि माल यांत फरक निघाला की माल परत येतो, दोन्हीकडचे भाडे अंगावर पडते आणि त्याची झळ शेवटी कारागिराच्या मजुरीपर्यंत पोहोचते.

असे असूनही आपल्यातील पुष्कळ जण स्टुडिओत माल टाकून निघून जातात. फोटोग्राफर कॅमेऱ्याच्या पाठीवरील जेमतेम तीन इंची पडद्यावर पाहून काम उरकतो. फोटो हाती येईपर्यंत कापड गोदामात गेलेले असते, मग रंग ताडून पाहणार कशाशी? आमचे म्हणणे एवढेच की, कॅमेरा केबलने लॅपटॉपला जोडूनच कापडाचे फोटो घ्यावेत आणि मालाची पारख असलेला माणूस कापड हातात घेऊन लॅपटॉपपुढे बसावा. स्टुडिओवाले यालाच टेदरिंग म्हणतात.

याचे फायदे कापडवाल्यांना विशेष आहेत. पहिला फायदा रंगाचा. पहिल्या फोटोत कापडाशेजारी करड्या रंगाचे ग्रे कार्ड ठेवावे आणि लॅपटॉपवर त्या कार्डावरून व्हाइट बॅलन्स बसवावा. उजेड बदलला नाही तर तोच हिशेब पुढच्या सर्व फोटोंना लागू होतो. खिडकीचे ऊन, ट्यूबलाइट आणि स्टुडिओचे दिवे मात्र एकत्र करू नयेत. दुसरा फायदा पोताचा. बारीक चौकड्यांच्या लुंगीवर किंवा दाट विणीवर कॅमेरा कधी कधी लाटांसारखे रंगीत पट्टे उमटवतो, जे कापडात नसतातच. याला मॉयरे म्हणतात. छोट्या पडद्यावर ते निसटतात, लॅपटॉपवर फोटो पूर्ण मोठा केला की लगेच दिसतात आणि कॅमेऱ्याचे अंतर किंवा कोन थोडा बदलला की बहुधा जातात. तिसरा फायदा धूपछांव कापडाचा. ताणा एका रंगाचा व बाणा दुसऱ्या रंगाचा असला की प्रत्येक कोनातून कापड वेगळे दिसते. खरी छटा कोणत्या फोटोत आली, हे कापड ओळखणाऱ्यानेच सांगावे. फोटोग्राफरला ते कळेलच असे नाही.

खर्चाची सबब पुढे केली जाते. परंतु लॅपटॉप बहुतेक स्टुडिओत असतोच. कॅननचे ईओएस युटिलिटी आणि निकॉनचे एनएक्स टेदर ही सॉफ्टवेअरे मोफत मिळतात. आपल्या मॉडेलला ती चालतात का, एवढे आधी पाहावे. यूएसबी ३ ची साधी केबल तीन मीटरच्या आसपास ठेवावी, फार लांब झाली तर जोडणी तुटते. केबल तिपाईला बांधावी व जमिनीवर पट्टीने चिकटवावी, नाहीतर कोणाचा पाय अडकून कॅमेऱ्याचे सॉकेट मोडते. जोडलेल्या कॅमेऱ्याची बॅटरी लवकर उतरते, म्हणून एक जादा ठेवावी. लॅपटॉपचा रात्रीचा पिवळट उजेड बंद करावा. शक्य असेल तेथे फोटो कार्डावर व लॅपटॉपवर असे दोन्हीकडे साठवावेत.

एक धोकाही सांगितला पाहिजे. ज्या पडद्यावर खरा रंग दिसतो, त्याच पडद्यावर रंग भडक करता येतो आणि विणीतला दोष पुसताही येतो. यंत्र दोन्ही कामे सारख्याच इमानाने करते, नियत माणसाची असते. मदीनेच्या बाजारात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले निघाले. ओला माल लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणाऱ्याला आपल्यातला मानण्यास नकार दिला. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. दोष पुसलेला फोटो म्हणजे वर सुके, आत ओले असा ढीगच नव्हे काय?

न पाहता घेतलेला माल पाहिल्यावर परत करण्याचा हक्क हनफी फिक्हने ‘खियार-ए-रूयत’ या नावाने शतकांपूर्वीच मान्य केला आहे. देशाच्या कायद्यातही ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार जाहिरातीत दाखवल्याप्रमाणे माल नसेल, तर ऑनलाइन विक्रेत्याला तो परत घेण्यास नकार देता येत नाही. तेव्हा परतीबद्दल गिऱ्हाइकावर चिडण्यापेक्षा परतीचे कारणच मिटवावे.

प्रत्येक मोबाइलचा पडदा वेगळा, हे खरे. म्हणून फोटोखाली धागा, पन्हा, वजन व रंगाचे नाव शब्दांत लिहावे आणि एक फोटो दिवसाच्या उजेडातला द्यावा. छोट्या कारागिरांनी चौघांनी मिळून एका दिवसासाठी स्टुडिओ घ्यावा व खर्च वाटून घ्यावा. दारात तागा उलगडून दाखवण्याची आपली जुनी रीत इमानदारीची होती. तीच रीत आता लॅपटॉपपुढे पाळायची आहे. अल्लाह आपल्या तिजारतीत बरकत देवो.