दुर्बीण हलकी असू द्या

डिसेंबर जवळ आला की आमच्या शिक्षक खोलीत सहलीचा विषय निघतो. दोन ठिकाणं ठरलेली असतात, एक वॉटर पार्क नाहीतर एखादा किल्ला. मी म्हणतो, समुद्र. लगेच उत्तर येतं, "सर, आपल्या पोरांनी समुद्र रोजच बघितलाय, त्यात काय बघायचं?" पक्षी बघायचे म्हटलं की पालकांचा पुढचा प्रश्न, "मग कॅमेरा कोणाचा आणायचा?"

माझं मत सरळ सांगतो. शाळेच्या पक्षीनिरीक्षणाला कॅमेरा नको आणि स्टँडवरची मोठी दुर्बीणही नको. काहींना हे पटणार नाही, पण मला ते माझ्याच चुकीतून पटलंय.

तीन वर्षांपूर्वी मी सातवीचा वर्ग हर्णैच्या किनाऱ्यावर नेला होता. समोर सुवर्णदुर्ग, वाळूवर कुरवांचा भलामोठा थवा. सोबत ओळखीचे एक हौशी छायाचित्रकार होते, हातभर लांब लेन्सवाले. मुलं लेन्सभोवती रांग लावून उभी, आणि पाचव्या मुलाच्या मागे कुणाला काही दिसेना. मग उडतानाचा फोटो हवा म्हणून ते थव्याकडे चालत गेले. सगळा थवा उठला, मुलांनी टाळ्या पिटल्या, मीही पिटल्या. तेवढ्यात होडीवर जाणाऱ्या एका खलाशाची मुलगी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "सर, कशाला उठवलंत त्यांना? भरती हाय तोवर ती हितंच बसतात. आपण गप बसायचं."

मला कुठे तोंड लपवू असं झालं. कारण तिचं बरोबर होतं. भरतीच्या वेळी कुरव, सुरय, चिखल्या हे पक्षी किनाऱ्यावर दाटीवाटीने विसावा घेतात. खायची जागा पाण्याखाली गेलेली असते, तेव्हा अंगातली शक्ती राखून ठेवायची असते. आपण त्यांना पाच वेळा उठवलं तर पाच वेळा ती शक्ती फुकट जाते. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटच्या उंच तळ्यांवर वीण करून आपल्याकडे आलेला असतो. ह्युग्लिनचा कुरव तर थेट रशियाच्या उत्तर टोकाकडून येतो. इतक्या लांबून आलेल्या पाहुण्याला आपण फोटोसाठी पळवतो!

आता सामानाचं. ८ × ३२ ची साधी दुर्बीण घ्या. पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट जवळ दिसते आणि दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागा. ३२ भागिले ८ म्हणजे ४ मिलिमीटर, इतका जाड प्रकाशाचा झोत डोळ्यात येतो. भर उजेडात आपल्या बाहुलीला तेवढा पुरतो. वजन साधारण अर्धा किलो, म्हणजे सातवीच्या मुलीचा हातही थरथरत नाही. दहा पट, बारा पटवाली आणू नका, तिच्यात पक्ष्यासोबत हाताचा थरकापही तितक्याच पटीने मोठा दिसतो. वाळूत बसायचं, कोपर गुडघ्यांवर टेकवायचे, झालं. पाच मुलांत एक दुर्बीण, एकाने बघायचं नि बाकीच्यांनी लिहायचं. वही, पेन्सिल, टोपी, पाण्याची बाटली. बस्स.

वेळ मात्र नीट निवडायला हवी. आपला समुद्र पश्चिमेला, म्हणून सकाळी ऊन पाठीशी असतं आणि पक्ष्यांचे रंग स्वच्छ दिसतात. संध्याकाळी सगळे काळे ठिपके, शिवाय सूर्य समोर. दुर्बिणीतून सूर्याकडे बघणं डोळ्यांना घातक आहे, हे मुलांना निघण्याआधीच बजावा. मग सकाळची भरती कधी? आपल्या कोळीवाड्यांत हिशेब सोपा आहे, तिथीची पाऊणपट. दशमीला दहाची पाऊणपट, साडेसात. थोडं मागेपुढे होतं, पण सहल ठरवायला पुरेसं आहे. पाऊणकी आपण पाठ्यपुस्तकांतून कधीच घालवली. ती अजून जिवंत आहे ती अशा घरांत. (गणिताच्या बाईंना मी हे सांगितलं, तर त्यांनी दुसऱ्या दिवशी फळ्यावर अख्खी पाऊणकी लिहून ठेवली.)

मुलं हटकून विचारतात, "तपकिरी डोकं कुठाय?" हिवाळ्यात ते नसतंच! डोळ्यामागे नुसता काळसर ठिपका दिसतो. डोकं तपकिरी व्हायला लागतं ते परतायच्या सुमारास. काळ्या डोक्याच्या कुरवाचंही तसंच. मग ओळखायचं कसं? पंखांची टोकं बघा. तपकिरीवाल्याच्या काळ्या टोकांवर पांढरे ठिपके असतात, दुसऱ्याच्या पंखाची पुढची कड पांढरी असते. एवढा एक फरक शोधायला वर्गाला अर्धा तास लागतो, आणि तो अर्धा तास कोणी मोबाइल मागत नाही.

आणखी एक. बोटीवरून कुरवांना गाठ्या-शेव फेकायची जी मजा चालते, ती पालकांनीच आधी थांबवावी. मुलं आपलं बघूनच करतात.

मला सगळ्यात जास्त खुपतं ते वेगळंच. त्या मुलीला कुरव दिवाळीच्या सुमारास येतात, शिमग्यानंतर जातात, कोणत्या वाऱ्याला कुठे बसतात, सगळं ठाऊक होतं. पण वर्गात ती कधी हात वर करत नसे. "ते काय अभ्यासातलं हाय?" असं तिनेच मला विचारलं. लाखाची लेन्स आली की ज्ञान लेन्सवाल्याचं होतं आणि ती रांगेत मागे उभी राहते. अर्धा किलोची दुर्बीण पाच जणांत फिरू लागली, तेव्हा तिच्या गटातली मुलं पक्षी दिसला की आधी तिच्याकडे बघायला लागली.

ती आता दहावीत आहे. या पौषातल्या शुद्ध दशमीला आम्ही पुन्हा निघतोय. वेळ तिनेच काढून दिली, सव्वासातला वाळूवर हजर. पाच पालकांना जागा आहे. कॅमेरा घरी ठेवून या.