वहीच्या शेवटच्या पानावरचा गोकू विकता येतो का?

'ड्रॅगन बॉल'चे जनक अकिरा तोरियामा १ मार्च २०२४ रोजी गेले आणि कार्टून नेटवर्कवर वाढलेल्या अनेकांना वहीचं शेवटचं पान आठवलं. तिथला गोकू ओळखू यायचा तो टोकदार केसांमुळे. हात मात्र पाठीमागे, कारण बोटं जमत नसत! आता तशीच चित्रं स्टिकर, टी-शर्टवर छापून विकायचा मोह होतो. इथे जरा थांबा. कॉपीराइट कायदा, १९५७चं कलम ५२ खासगी, वैयक्तिक वापरापुरती रास्त मोकळीक देतं. ती विक्रीसाठी नाही. चित्र तुमच्या हातचं असलं तरी पात्राचे हक्क मूळ मालकाकडेच राहतात. विकायचंच असेल तर परवानगी घ्या, नाहीतर नवं पात्र घडवा. तोरियामांचा गोकूही जुन्या चिनी कादंबरीतल्या माकडराजा सुन वुकाँगवरूनच सुचलेला होता.