मोबाइलमधला पैसा आणि ऋणमुक्तीचे सुख

स्वाहिली भाषेत पैशाला ‘पेसा’ म्हणतात. समुद्रमार्गे चाललेल्या जुन्या व्यापाराबरोबर आपलाच शब्द पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरला आणि तिथला झाला. मार्च २००७ मध्ये केनियातील सफारीकॉम कंपनीने ‘एम-पेसा’ सेवा सुरू केली. ‘एम’ म्हणजे मोबाइल. गरिबांच्या छोट्या कर्जांचे हप्ते फोनवरून भरता यावेत, म्हणून ब्रिटिश सरकारच्या साहाय्याने हा प्रयोग आधी करून पाहिला गेला होता. लोकांनी मात्र त्याचा उपयोग गावी पैसे पाठवण्यासाठी केला. सामान्य माणसाला नेमके काय हवे, हे सामान्य माणसानेच ठरवले.

नैरोबीतील मजूर कोपऱ्यावरच्या दुकानात रोख रक्कम देतो. ती त्याच्या मोबाइल खात्यावर जमा होते. एका संदेशासरशी ती गावाकडच्या आईला पोहोचते आणि आई जवळच्या दुकानातून रोकड घेते. बँकेतील खाते लागत नाही, स्मार्टफोनही लागत नाही. पूर्वी हेच पैसे बसचालकाच्या किंवा ओळखीच्या माणसाच्या हाती द्यावे लागत आणि ते पोहोचतील याची शाश्वती नसे. वसतिगृहाच्या दारात पोस्टमनची वाट पाहिलेल्या आमच्या पिढीला वडिलांच्या मनीऑर्डरचे मोल ठाऊक आहे. म्हणून त्या आईचा आनंद आम्हाला परका वाटत नाही.

टवनीत सूरी आणि विल्यम जॅक या अभ्यासकांनी २०१६ मध्ये काढलेला निष्कर्ष असा, की या सेवेमुळे केनियातील सुमारे १ लाख ९४ हजार कुटुंबे, म्हणजे एकूण कुटुंबांपैकी दोन टक्के, दारिद्र्यातून वर आली. स्त्री कुटुंबप्रमुख असलेल्या घरांत हा परिणाम अधिक दिसला. सोमालीलँडमध्ये २००९ मध्ये ‘झाड’ ही सेवा आली, बांगलादेशात २०११ मध्ये ‘बिकाश’ आली. आयव्हरी कोस्टमध्ये माध्यमिक शाळांचे शुल्क पालक मोबाइलवरून भरू लागले. भारताची वाट वेगळी ठरली. येथे आलेली एम-पेसा २०१९ मध्ये बंद झाली, तर बँक खात्यांना जोडणारी, २०१६ मध्ये सुरू झालेली यूपीआय घराघरांत पोहोचली. बँकेच्या काउंटरवर ज्यांना संकोचून उभे राहावे लागे, त्यांच्यासाठी हा बदल प्रतिष्ठेचाही आहे. त्याचे स्वागत आम्ही मनापासून करतो.

परंतु इतिहासाचा अभ्यास आम्हाला दुसरी बाजूही पाहायला शिकवतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रुपयाच्या प्रश्नावरील आपला ग्रंथ १९२३ मध्ये प्रसिद्ध केला. चलनाच्या प्रत्येक व्यवस्थेकडे पाहताना तिचा लाभ कोणाला आणि भार कोणावर, हे विचारण्याची दृष्टी आम्ही त्यांच्याकडून घेतली आहे. केनियातच २०१२ मध्ये एम-पेसाला जोडून ‘एम-श्वारी’ ही उसनवारीची सोय आली. तिचे शुल्क महिन्याला साडेसात टक्के. वर्षाचा हिशेब मांडला तर नव्वद टक्के! मागून अशी अनेक ॲप्स आली आणि अखेर २०२२ मध्ये तेथील मध्यवर्ती बँकेला त्यांच्यासाठी नियम करावे लागले. त्याच वर्षी आपल्या रिझर्व्ह बँकेनेही डिजिटल कर्जांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या.

रात्री-अपरात्री घरात आजारपण आले तर गरिबाला दुसरे कोण पैसे देणार, असे कोणी विचारील. प्रश्न खरा आहे. गरिबाला कर्ज मिळू नये, असे आम्ही म्हणत नाही. पूर्वीच्या सावकाराचे घर ठाऊक असे, वही ठाऊक असे. आजच्या सावकाराला चेहरा नाही, आणि त्याची अट वाचण्याआधीच बोट पडद्यावर पडलेले असते, एवढेच आमचे म्हणणे आहे.

काही वर्षांपूर्वी एक पालक सत्राच्या मध्येच मुलीला घेऊन जायला आले. कारण सांगेनात. पुष्कळ विचारल्यावर कळले, की मोबाइलवरची एक उचल फेडण्यासाठी दुसरी आणि दुसरीसाठी तिसरी घेतली होती. वसुलीवाल्यांचे फोन सोयऱ्याधायऱ्यांपर्यंत गेले होते. शिक्षकांनी मिळून मार्ग काढला आणि मुलगी शाळेत राहिली. तिचे वडील मात्र त्यानंतर पालकसभेला आले नाहीत. रक्कम फिटली, लाज फिटली नाही.

तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली. त्यांत धन असण्याचे आणि ते उपभोगण्याचे सुख आहे, तसेच कोणाचे देणे नसण्याचे सुखही आहे. पाली साहित्यात त्याला अनणसुख म्हणतात. धम्माने धनाचा तिरस्कार कधीच शिकवला नाही. त्याने सजगता शिकवली.

म्हणून आमची सूचना साधी आहे. आठवी-नववीच्या गणितात व्याज शिकवताना फोनवर येणारा कर्जाचा संदेशच फळ्यावर लिहावा आणि त्याचा वार्षिक दर मुलांकडून काढून घ्यावा. बँकांत नोकरी करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून एक रविवार पालकांसाठी द्यावा. अडचणीतल्या पालकाला न लाजता येता येईल, असा लहानसा साहाय्यनिधी शाळेत असावा. त्यासाठीची वर्गणी माजी विद्यार्थी जिथे असतील तिथून क्षणात पाठवू शकतात. मोबाइलमधल्या पैशाचा याहून चांगला उपयोग आम्हाला तरी सुचत नाही.