डेडस्टॉक

यंत्राला ‘मेले’ म्हणण्याची आपल्याला फार घाई असते. महाविद्यालयात तर ही घाई नियमांतच बसवलेली आहे. नवे कोरे कपाट येवो, पंखा येवो की संगणक येवो, पहिल्याच दिवशी त्याची नोंद होते ती डेडस्टॉक रजिस्टरात. जन्माची नोंद मृतांच्या वहीत करणारे दुसरे खाते निदान माझ्या तरी पाहण्यात नाही. मराठीचा मास्तर या नात्याने मी या शब्दावर वर्गात पुष्कळ विनोद केले आहेत. परंतु गेल्या मार्चमध्ये आमच्या विभागातला एकुलता एक संगणक खरोखरच निपचित पडला, तेव्हा ते सगळे विनोद आटले.

झाले असे की, वार्षिक देखभालीच्या करारावर येणारा तंत्रज्ञ मदरबोर्डावरचे ‘फर्मवेअर’ नवे करीत होता. पडद्यावरची रेघ अर्ध्याच्या थोडी पुढे सरकली आणि वीज गेली. यूपीएसची बॅटरी बदलण्याचा प्रस्ताव दोन वर्षे मंजुरीच्या वाटेवर होता, त्यामुळे तिच्याकडून कोणाची काही अपेक्षाच नव्हती. वीज परत आली, पंखे फिरले, दिवे लागले. पडदा मात्र अमावास्येसारखा काळा. “बोर्ड गेला, सर. नवाच घ्या,” असे सांगून तंत्रज्ञ भेटीच्या कागदावर माझी सही घेऊन चालता झाला.

नवा घ्यायचा म्हणजे तीन दरपत्रके, खरेदी समिती आणि मार्चअखेर. इकडे एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या आमच्या एका विद्यार्थिनीची परीक्षा तीन आठवड्यांवर आलेली. ती जन्मांध आहे. पुस्तकाची पाने स्कॅन करायची आणि एनव्हीडीए नावाच्या विनामूल्य मिळणाऱ्या वाचकाकडून ती ऐकायची, हा तिचा अभ्यास. तिची वर्षभराची स्कॅन केलेली पाने याच संगणकात होती, आणि बाकीचे संगणक परीक्षा विभागाने ताब्यात घेतलेले. बातमी ऐकून ती विभागात आली, यंत्र सुरू करायला सांगितले आणि खोक्याला कान लावून बसली.

“सर, हा मेलेला नाही,” ती थोड्या वेळाने म्हणाली. “पंखा जोरात होतो, थांबतो, पुन्हा होतो. दर वेळी तेवढ्याच वेळाने. काहीतरी वाचायला जातोय आणि त्याला ते लागत नाहीये.”

तिचे निदान तंतोतंत खरे होते, हे मला पुढे कळले. संगणकाचा प्रोसेसर जागा होतो तेव्हा त्याला काही म्हणजे काही ठाऊक नसते. एका ठरलेल्या पत्त्यावर जायचे आणि तिथे लिहिलेली पहिली आज्ञा पाळायची, एवढाच त्याचा जन्मजात संस्कार. १९७८ सालच्या इंटेल ८०८६ मध्ये हा पत्ता एक मेगाबाइटच्या टोकापासून १६ बाइट अलीकडे होता. त्या पत्त्यावर जे लिहिलेले असते त्याला आजही लोक सवयीने ‘बायॉस’ म्हणतात. हे नाव १९७० च्या दशकात गॅरी किल्डॉल याने आपल्या सीपी/एम या प्रणालीतल्या एका भागाला दिले होते. यंत्र सुरू होण्याला ‘बूट’ म्हणतात, तेही स्वतःच्या बुटाचे पट्टे ओढून स्वतःला वर उचलण्याच्या कल्पनेवरून. आपल्याकडच्या नैयायिकांनी कितीही तरबेज बटू स्वतःच्या खांद्यावर चढू शकत नाही असे बजावून ठेवले आहे. संगणक रोज चढतो. पण त्याला पहिली पायरी कोणीतरी लिहून ठेवावी लागते.

ही पायरी असते आठ पायांच्या एका चिपेत. चिप नखाएवढी, आणि आमच्या बोर्डावरच्या तिची क्षमता १६ मेगाबाइट. तिच्यातली स्मृती ‘फ्लॅश’ जातीची. या पाटीची तऱ्हा न्यारी आहे. ती पुसली की कोरी होत नाही, सगळीकडे १ उमटतो. आणि लिहिणे म्हणजे हव्या त्या ठिकाणच्या १ चे ० करणे. जुने पुसल्यावाचून त्यावर नवे लिहिता येत नाही, आणि पुसायचे तर थेंबाथेंबाने नव्हे, गठ्ठ्यांनी. म्हणून मध्येच वीज गेली की अर्धे नवे, अर्धे जुने आणि मधे नुसते १ अशी गत होते.

ही विद्या लोकांना मोठ्या प्रमाणावर शिकवली ती एका व्हायरसने. तैवानमधल्या चेन इंग-हाउ या विद्यार्थ्याने १९९८ मध्ये लिहिलेला सीआयएच, २६ एप्रिल १९९९ रोजी ठिकठिकाणी जागा झाला आणि संगणकांच्या बायॉसवर कचरा लिहीत सुटला. १९८६ च्या चेर्नोबिल अपघाताचीही तारीख २६ एप्रिलच, म्हणून त्याला चेर्नोबिल हेही नाव पडले. त्या काळी पुष्कळ बोर्डांवर चिप खोबणीत बसवलेली असे. मग धाडसी मंडळी तशाच दुसऱ्या चांगल्या संगणकावर यंत्र सुरू करीत, चालू यंत्रातून त्याची चिप उपटून काढीत, तिथे मेलेली चिप बसवीत आणि तिच्यावर नवे लिहीत. हे वाचूनच माझ्या छातीत धडधडले.

आमची चिप डाक दिलेली होती. बॅटरी काढून पाहिली. त्याने सेटिंग विसरतात, पुसलेला मजकूर परत येत नाही. ठरलेल्या नावाची फाइल पेनड्राइव्हवर घालून पाहिली. चिपेतला आरंभीचा तुकडा शाबूत असेल तर काही बोर्ड ती आपण होऊन उचलतात. आमच्या बोर्डाने ढुंकून पाहिले नाही. तेव्हा मी तो खोका रिक्षात घालून बुधवार पेठेतली तपकीर गल्ली गाठली.

तिथल्या एका छोट्या दुकानातल्या गृहस्थांनी माझी सगळी कथा ऐकून घेतली नाही. “चिप लिहावी लागेल,” एवढेच म्हणाले. त्यांच्याजवळ सीएच३४१ए नावाचे बोटभर यंत्र होते, काहीशे रुपयांत मिळणारे, आणि तारांना जोडलेला एक चिमटा. “ही स्वस्तातली काही यंत्रे तीन पूर्णांक तीनच्या चिपेला पाच व्होल्ट पाजतात. हे मी दुरुस्त करून घेतलंय,” असे सांगून त्यांनी चिमट्याची लाल तार चिपेवरच्या ठिपक्याकडे धरली आणि आठही पाय एकदम पकडले.

मला वाटले, आता लिहिणार. पण गृहस्थ आधी वाचायला बसले. चिपेतले आहे ते दोनदा वाचले, दोन्ही प्रती ताडून पाहिल्या आणि जपून ठेवल्या. “यात तुमच्या बोर्डाचा नंबर आणि नेटवर्कचा पत्ता आहे, सर. तो कंपनीच्या फाइलमध्ये मिळत नाही.” हस्तलिखितांच्या संपादनात आम्ही पाठभेद म्हणून ज्याचा बडेजाव करतो, ते काम हा मनुष्य वडापाव बाजूला ठेवून करीत होता.

कंपनीची फाइल चिपेहून बरोबर २,०४८ बाइटांनी मोठी निघाली. तेवढी प्रस्तावना पुढे जोडलेली होती. ती कापली तेव्हा उरले १,६७,७७,२१६ बाइट, नेमके १६ मेगाबाइट. (प्रस्तावना कापल्याने मूळ ग्रंथ नीट चालू लागतो, हा अनुभव मला नवा नव्हता.) बोर्डाचा नंबर आणि पत्ता त्यांनी जुन्या प्रतीतून नव्या फाइलीत आणून बसवला. मग लिहिले, पुन्हा वाचून ताडले, चिमटा काढला. पडदा उजळला.

पण उजळलेल्या पडद्याने ४८ अंकी किल्ली मागितली. बोर्डातली गुप्त खूण पुसली गेल्यामुळे डिस्कच्या कुलपाने आम्हांला ओळखलेच नाही. ही किल्ली कुठे असेल? आमचे आता निवृत्त झालेले प्रयोगशाळा साहाय्यक मोठे शिस्तीचे. त्यांनी ती सहा-सहा अंकांच्या आठ गटांत डेडस्टॉक रजिस्टराच्या शेरा-स्तंभात लिहून ठेवलेली सापडली. या पडद्यावर एनव्हीडीए बोलत नाही. मी अंक वाचत गेलो आणि त्या मुलीने ते न चुकता टंकले. नंतर तिने वाचक सुरू केला आणि वेग इतका वाढवला की, मला एक शब्द कळेना. “सर, हळू लावला तर झोप येते,” ती म्हणाली.

दुकानदाराने बिलावर ‘चिप लेखन, ७०० रुपये’ असे लिहिले होते. हिशेबनीस बराच वेळ ते उलटसुलट करून पाहत होते. दुरुस्तीच्या शीर्षाखाली टाकावे तर ते काम करारावर दिलेले. नवीन खरेदी म्हणावी तर वस्तू नाही. शेवटी त्यांनी ‘लेखन’ या शब्दाखाली रेघ मारली आणि रक्कम लेखनसामग्रीत टाकली.